सात फोटो, एक झोपाळा

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचं बिल्डरशी एकदाचं जमलं आणि काकूनं फर्मान काढलं, "पाडायच्या आधी माडीचा एक फोटो काढून दे. देव्हारा दिसला पाहिजे, झोपाळा दिसला पाहिजे आणि खिडकीतून चौकातली तुळसही दिसली पाहिजे."

"त्यात काय!" मी म्हणालो. कॅमेरा घेऊन आठच महिने झाले होते, त्यामुळे बोलायला काही अडलं नाही.

काकांना मात्र ही कल्पना पसंत नव्हती. "झोपाळ्यामागचा कोपरा सोड," ते म्हणाले, "तिकडे नुसता काळोख आहे. काही दिसत नाही." हे वाक्य मी तेव्हा फक्त प्रकाशयोजनेच्या अंगानं ऐकलं.

सकाळी अकराला चौकात टळटळीत ऊन असतं आणि माडीवर मात्र दिवा लावल्याशिवाय पोथी वाचता येत नाही. आपल्याला हे खुपत नाही, कारण डोळा तुळशीकडे बघताना वेगळा असतो, देव्हाऱ्याकडे वळला की वेगळा, आणि मधला सगळा जमाखर्च मेंदू परस्पर मिटवून टाकतो. कॅमेरा असलं काही सांभाळून घेत नाही. तुळस नीट आली की माडीची कोळशाची वखार होते, आणि देव्हारा नीट आला की खिडकीच्या जागी कुणीतरी पांढरा कागद चिकटवल्यासारखा दिसतो.

फोटोवाले उजेड स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. तुळशीपासून झोपाळ्यामागच्या कोनाड्यापर्यंत मी मोजले तर बारा भरले. बारा हा आकडा डझनभर केळ्यांसारखा निरुपद्रवी वाटतो, पण बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या गोष्टीत राजा असाच फसला होता. बारा वेळा दुप्पट केलं की ४०९६ पट होतं. माझ्या सेकंडहँड कॅमेऱ्याला एका घासात एवढं पचत नाही. अंधार ओढून वर आणला की त्यात रव्यासारखे दाणे दिसायला लागतात.

यावरचा उपाय म्हणजे एचडीआर, लांबलचक नावानं हाय डायनॅमिक रेंज. कॅमेरा तिकाटण्यावर बसवायचा आणि एकच चौकट कमीजास्त उजेडात अनेकदा टिपायची, मग त्यातले चांगले तेवढे भाग एकत्र करायचे. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे नावाच्या गृहस्थानं १८५६-५७च्या सुमारास समुद्राचे फोटो असेच केले होते. लाटांची काच वेगळी, आभाळाची वेगळी, आणि छापताना दोन्हींची सोयरीक. त्याचा समुद्र हलत होता, हे खरं. पण समुद्र निदान उलट बोलत नाही.

याआधी मी सराव पाताळेश्वरला केला होता. बाहेर गोल नंदीमंडपावर ऊन, आत लेण्यात काळोख. एचडीआरवाल्याला ती जागा सुटत नाही. तिथला नंदी दगडाचा आहे, हा त्याचा मोठा गुण मला माडीवर आल्यावर कळला.

ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं भोक, ८ वर, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १००, दोन्ही कायम. बदलायचा तो फक्त शटरचा वेग, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते. १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२, मग २ सेकंद आणि शेवटी ८ सेकंद. एकूण सात फोटो. माझा कॅमेरा आपणहून तीनच काढतो; पुढच्यांसाठी चकती हातानं फिरवायची, तीही उतू जाणाऱ्या दुधाचं पातेलं उतरवावं तशी, श्वास धरून. त्यात माडीची जमीन लाकडी. खालून कुणी जिना चढलं की तिकाटणं आधी थरथरतं, मग मी.

"काका, मिनिटभर झोपाळा थांबवा."

"साठ वर्षं हलतोय हा. न हलता फोटोत आला तर ओळखणार कोण?"

मी हात जोडले. त्यांनी पाय टेकले. पहिले सहा फोटो निर्विघ्न पार पडले. आठ सेकंदांच्या सातव्यात, बहुतेक पाचव्या सेकंदाला, काकू चहा घेऊन आली आणि काका कपाकडे झुकले.

रात्री लॅपटॉपवर सातही फोटो एकात एक मिसळले. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला. वीस मिनिटांनी माडी उगवली. झोपाळ्यावर दोन काका होते, एक ताठ आणि एक पारदर्शक. पारदर्शक काकांच्या पोटातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी डीघोस्ट नावाचं बटण असतं: भुताटकी थोडी, मध्यम की जबर, ते विचारतं. मी जबर निवडलं. दोन्ही काका गेले आणि झोपाळ्याच्या कड्या अधांतरी लोंबू लागल्या. तीन प्रयत्नांनंतर मध्यमवर एक काका परत आले.

मग सुरू झालं टोन मॅपिंग. बारा स्टॉपचा उजेड कुठल्याच साध्या पडद्यावर मावत नाही. तो दाबून, ठोकून बसवावा लागतो, लग्नाच्या बॅगेत शालू बसवतात तसा. सावल्या उचलायच्या, ऊन खाली आणायचं. इथे कुठे थांबायचं ते कळणं ही खरी कला, आणि ती मला पहाटे दोनपर्यंत अवगत झाली नाही. तुळशीभोवती कॅलेंडरातल्या देवांसारखी प्रभावळ आली. शहाबादी फरशी निळी झाली. बायको पाणी प्यायला उठली, पडद्याकडे बघून म्हणाली, "गणपतीचा देखावा आहे का?" आणि झोपली. मी सगळं अर्ध्यावर आणलं. दुसऱ्या रात्री पुन्हा अर्ध्यावर. तिसऱ्या रात्री माडी माडीसारखी दिसू लागली.

रविवारी फोटो दाखवायला नेला. काकूनं चष्मा पुसला. तुळस दिसली, देव्हारा दिसला, भिंतीवरची ओल आणि तुळयांवरची कोळिष्टकंही दिसली. "अगंबाई, हे सगळं रोज इथेच होतं?" म्हणत तिनं बोटांनी फोटो मोठा केला. बोटं सरकत सरकत झोपाळ्यामागे गेली.

"कोनाड्यात हा लाल डबा कसला?"

काकांचा झोपाळा थांबला. फोटो काढताना जे हात जोडूनही धड जमलं नव्हतं, ते आता आपोआप जमलं.

मी आणखी जवळ जाऊन पाहिलं. काम खरंच उत्तम झालं होतं. डब्याचं झाकण अर्धवट उघडं होतं आणि आतल्या पेढ्यांवरचा पिस्त्याचा काप न् काप मोजता येत होता. काकांची साखर गेल्या महिन्यात २६० निघाली होती.

काकू काही न बोलता उठली आणि कोनाड्याकडे गेली. काका माझ्या कानाशी वाकले.

"तेवढा कोपरा परत काळा करता येतो का रे?"

"येतो की. चार सेकंदांचं काम."

"मग कर. आणि जुना पुसून टाक."

"पुसू नकोस हं," आतून काकू म्हणाली, "मला तोच मोठा करून हवाय. फ्रेमचं मी बघते."