फिलिपिन्सचे सण ‘उसने’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

परत तो मेसेज फिरायला लागलाय. म्हणे फिलिपिन्सच्या लोकांचं स्वतःचं असं काहीच नाही, सण स्पेनने दिले, जेवण उसनं, बाकी रंगीबेरंगी दिसतं ते टुरिस्टांसाठी, आणि वर गरीब देश असून भिंतींवर अन्न लटकवून नासाडी करतात. बरं, एकेक घेऊ.

सण स्पेनचे? अर्धं खरंय. संत तिकडून आले, तारखा चर्चच्या. सेबू बेटावरची बाळ येशूची मूर्ती स्पेनच्या मोहिमेवर आलेल्या मॅगेलन या दर्यावर्द्यानेच 1521 मध्ये तिथल्या राणीला दिली, जानेवारीतला सिनुलोग हा सण त्या मूर्तीच्याच नावाने होतो, नाकारतंय कोण? पण त्याच मॅगेलनसोबत पिगाफेट्टा नावाचा इटालियन होता, तो दिसेल ते लिहून ठेवायचा, आणि त्याच्या लिखाणात भात आहे, डुकराचं मांस आहे, माडी आहे, एवढंच काय सेबूत म्हाताऱ्या बायका नाचत डुकराचा बळी द्यायच्या तो अख्खा विधी आहे. म्हणजे स्पॅनिश जहाजं किनाऱ्याला लागायच्या आधीपासून पाहुण्याला डुक्कर-भात वाढायची रीत होतीच. आज बातांगासमधल्या बालायान गावात 24 जूनला अख्खी भाजलेली डुकरं कपडे चढवून, काहींना तर विग आणि गॉगल लावून मिरवतात आणि रस्त्यावर सगळे एकमेकांना पाण्याने भिजवतात. तारीख ओळखीची वाटली ना? त्याच दिवशी, त्याच सेंट जॉनच्या नावाने गोव्यात सांजांवला पोरं विहिरीत उड्या मारतात. मग सांजांव पण पोर्तुगीजांचाच म्हणायचा का, गोंयकारांसमोर म्हणून दाखवा!

जेवण उसनं, यावर फार वेळ घालवत नाही. पान्सितच्या शेवया चिनी व्यापाऱ्यांमुळे आल्या, मका-कोको मेक्सिकोहून आले, बरोबर. पण 1565 ते 1815 मनिला ते मेक्सिकोतलं आकापुल्को बंदर अशी जहाजं चालायची ती काय एकाच बाजूने भरून यायची? माडाची माडी काढायची कला फिलिपिनो खलाशांनीच मेक्सिकोत नेली, तिथल्या कोलिमात आजही ती ‘तुबा’ नावाने विकतात.

टुरिस्टांसाठी उभं केलेलं, हा मुद्दा वाचून खरं तर चिडचिड झाली. मेसेजमधला हसऱ्या मुखवट्यांचा फोटो निग्रोस बेटावरच्या बाकोलोद शहरातल्या मासकारा उत्सवाचा आहे. 1980 मध्ये साखरेचे भाव कोसळले होते आणि निग्रोस बेट जगतंच उसावर, त्यात एप्रिलमध्ये डॉन हुआन नावाची बोट टँकरला धडकून बुडाली, बाकोलोदमधली कितीतरी माणसं गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कलाकार आणि पालिकेने मिळून हसरे मुखवटे घालून हा उत्सव सुरू केला. नवीन आहे, सरकारी हात आहे, पुढे टुरिस्टही आले, सगळं मान्य. पण सुरू कशामुळे झाला ते तरी बघा.

आता नासाडी. त्यासाठी लावलेला फोटो लुकबान गावच्या पाहियास सणाचा आहे, 15 मे, सान इसिद्रो म्हणजे शेतकऱ्यांचा संत. मिरवणूक ज्या रस्त्याने जाणार तिथली घरं भाताच्या लोंब्या, भाज्या, फळं आणि ‘किपिंग’ने सजवतात. हे किपिंग म्हणजे आपल्या सालपापड्यांचं भावंडच, तांदूळ भिजवून वाटायचा, रंग घालायचा, खऱ्या पानावर पातळ थर पसरून वाफवायचा, मग पानावरून सोलून वाळवायचा, पानाच्या शिरासकट ठसा उठतो. लाल-पिवळी-हिरवी अशी शेकडो पानं गुंफून त्यांची झुंबरं करतात. आणि सण संपला की? किपिंग तळून खातात, भाज्या-फळं शेजारीपाजारी आणि पाहुण्यांत वाटली जातात. नासाडी कुठे झाली यात? खाली रस्त्यावर लोक केळीच्या पानावर पान्सित हबहब घेऊन उभ्याउभ्या थेट तोंडाने ओढत असतात, काटा-चमचा काही नाही, ताटलीचा पण कचरा नाही.

हां, फिएस्टासाठी म्हणजे गावच्या संताच्या सणासाठी कर्ज काढून गावजेवण घालतात ही टीका तिथलेच लोक करतात आणि ती मला पटते. मेसेजमध्ये तेवढं असतं तर एक अक्षर लिहिलं नसतं, पण नेमकं तेच त्यात नाहीये. आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनो, त्या मुखवट्यांच्या फोटोखाली ‘मनिला’ लिहिलंय ते तेवढं बदला, बाकोलोद वेगळ्या बेटावर आहे.