जंप सर्व्हरवरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सर्व्हरवरची सगळी ये-जा एका जंप सर्व्हरमधून (आत शिरायचं एकच मधलं मशीन) नेली की तो बंद पडला तर काम ठप्प, आणि तो फुटला तर सगळंच गेलं. त्यापेक्षा अन्सिबलने (अनेक सर्व्हरवर एकदम बदल करणारं साधन) प्रत्येकाची की, म्हणजे लॉगिनची डिजिटल किल्ली, प्रत्येक सर्व्हरवर टाका, एसएसएच लॉगिनचं नेहमीचं पोर्ट २२ बदला, झालं.

बंद पडण्याचा मुद्दा रास्त. म्हणून जंप सर्व्हर दोन ठेवायचे आणि शेवटचा उपाय म्हणून वेगळ्या नेटवर्कवर आयपीएमआय कन्सोल (सर्व्हर बंद पडला तरी दुरून हाताळायची सोय). नाहीतर भर पावसात, मध्यरात्री ठाण्याहून महापेच्या डेटा सेंटरला पळा.

फुटण्याबाबत मात्र गल्लत होतेय. ओपनएसएसएच या दुरून लॉगिन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ७.३ पासून (२०१६) प्रॉक्सीजंप ही सोय आहे. त्यात मधलं मशीन नुसता डेटा पुढे ढकलतं. एन्क्रिप्शन लॅपटॉपपासून थेट आतल्या सर्व्हरपर्यंत, आणि प्रायव्हेट की (किल्लीचा गुप्त भाग) लॅपटॉपवरून हलत नाही. तुम्ही घाबरताय ते एजंट फॉरवर्डिंगला, म्हणजे लॅपटॉपवर की सांभाळणारा प्रोग्राम (एजंट) मधल्या मशीनवरून वापरू देण्याला. तिथे मधल्या मशीनवर ज्याच्याकडे रूट (सर्वाधिकार), तो तुमचं सेशन चालू असेपर्यंत तुमच्या एजंटकडून सह्या करून घेऊ शकतो. ते बंदच ठेवा.

आता की सगळीकडे टाकण्याचं. टाकाल हो, पण काढणार कोण? पोरगा नोकरी सोडतो, ईमेल त्याच संध्याकाळी बंद होतं, सर्व्हरवरच्या ऑथोराइज्ड कीज फाइलमधली (कोणाकोणाच्या की चालतील त्याची यादी) त्याची ओळ तशीच राहते. काही ओळींच्या शेवटी नुसतं 'रूट@लोकलहोस्ट'. कोणाची म्हणायची ही? पुसायला कोणी धजत नाही, न जाणो रात्रीचा बॅकअप त्याच कीवर चालत असला तर!

यावर उपाय सर्टिफिकेटचा, आणि तो ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून आहे. सर्व्हरवर फक्त सीएची (माणसांच्या कीवर सही करणारी यंत्रणा) पब्लिक की, म्हणजे किल्लीचा उघड भाग, ठेवायची. सकाळी माणसाच्या कीवर आठ तासांच्या मुदतीची सही करून दिली की संध्याकाळनंतर नवं लॉगिन होत नाही. (आधीच उघडलेलं सेशन मात्र त्याने तुटत नाही.) सीएची प्रायव्हेट की जंप सर्व्हरवर ठेवलीत, तर मात्र तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा.

पोर्ट बदलल्याने लॉगमधला (सर्व्हरच्या नोंदींमधला) कचरा कमी होतो, बाकी काही नाही. लॉगवरून आठवलं, सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते १८० दिवस ठेवावे लागतात. कोण कधी आत शिरलं हे एका ठिकाणी मिळणं ऑडिटच्या वेळी फार सोयीचं पडतं.

अन्सिबल तुमच्याकडे आहेच. आधी त्याच्याकडून सगळ्या सर्व्हरवरच्या ऑथोराइज्ड कीज फाइली गोळा करा आणि कितव्या ओळीला मालक सापडत नाही ते इथेच कळवा. मग जंप सर्व्हरवर पुढे बोलू.