कपाटाखालची पिठी

आमचं जुनं लाकडी कपाट परदेशी न्यायचं ठरलं तेव्हा मला एकच धास्ती होती, प्रवासात त्याचा पाय मोडेल की काय. त्याच्या आत कोणी राहत असेल असं मनातही आलं नव्हतं. पॅकिंगला चार दिवस उरले असताना ते भिंतीपासून ओढलं, तर मागच्या पायाशी बारीक, फिकट पिवळी पिठी पडलेली. फडक्यानं पुसून घेतली. सकाळी पाहिलं तर पुन्हा तेवढीच.

सामान नेणाऱ्या कंपनीचा माणूस तोवर दोनदा घरी येऊन गेला होता. त्यानं प्रत्येक वस्तूची लांबी-रुंदी मोजली, पण लाकूड कुठलं, किती जुनं, कुठे भोकं आहेत का, यातलं काहीही विचारलं नाही. मीच फोन करून विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, आमची पेटी शिक्क्याची असते, कुठेच अडत नाही."

या एका वाक्यावर विसंबून किती घरांचं सामान बंदरात अडकत असेल, या विचारानं मी आज लिहायला बसले आहे. तो शिक्का खरा असतो, पण तो पेटीचा असतो. आयएसपीएम १५ नावाचा २००२ सालचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, तो पॅकिंगच्या लाकडासाठी आहे: पॅलेट, क्रेट, सामान हलू नये म्हणून ठोकलेल्या फळ्या. हे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवायचं, किंवा मिथाइल ब्रोमाइडसारख्या मान्य वायूची प्रक्रिया करायची, आणि मग त्यावर लोंबीचं चिन्ह, देशाचा दोन अक्षरी कोड आणि एचटी (तापवलेलं) किंवा एमबी (मिथाइल ब्रोमाइड दिलेलं) अशी अक्षरं उमटवायची. आतल्या कपाटाबद्दल तो शिक्का अवाक्षर बोलत नाही. कपाट आत घ्यायचं की नाही हे तुम्ही जाणार तो देश ठरवतो, आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या बाबतीत फार कडक आहेत.

कडक आहेत ते बरोबरच आहे, असं माझं ठाम मत आहे. २००२ मध्येच अमेरिकेत मिशिगनमधल्या डेट्रॉइटच्या आसपास एक हिरवा, चकाकणारा भुंगेरा सापडला. तो मूळचा आशियातला, आणि बहुधा पॅकिंगच्या लाकडातूनच आला होता. उत्तर अमेरिकेतली अ‍ॅश या जातीची कोट्यवधी झाडं त्यानं मारली. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थजवळ युरोपातला घरपोखर्‍या भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या पाइनसारखं सुकं लाकूड आतून खातात, म्हणजे घराच्या छपराचं लाकूडही. ज्या देशात आपण आसरा मागायला जातो, त्याच्या झाडांना आणि घरांना आपल्या सामानातून रोग लावायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

कीड ओळखायची कशी, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. आपण भोक पाहतो आणि समजतो, किडा इथून आत शिरला. प्रकार उलटा असतो. मादी लाकडाच्या बारीक छिद्रांत, भेगांत अंडी घालते, अळी आतल्या आत महिनोन्‌महिने, काही जातींत वर्षानुवर्षं लाकूड खात राहते, आणि भुंगेरा होऊन बाहेर पडतो तेव्हा कुठे भोक पडतं. म्हणजे भोक हा बाहेर पडण्याचा दरवाजा. म्हणूनच एकही भोक नसलेलं लाकूड निर्धास्त नसतं. जुनी भोकं आतून काळपट दिसतात, नव्यांची कड स्वच्छ आणि फिकट असते. संशय आला तर वस्तूखाली काळा कागद पसरून ठेवा आणि त्यावर पिठी, म्हणजे किडीनं पोखरलेल्या लाकडाचा भुसा, पडते का ते आठवडाभर रोज पाहा. मागची फळी, खणांच्या खालची बाजू, पायांचे तळवे, म्हणजे जिथे पॉलिश पोचत नाही तिथे आधी बघा. सागासारख्या लाकडाचा गाभा टिकतो, पण कडेचं फिकट लाकूड किडीला आवडतं, आणि जुन्या फर्निचरची मागची बाजू बरेचदा त्याच फिकट लाकडाची असते.

उपचारांचंही तसंच. फ्युमिगेशन म्हणजे धूर नव्हे, तो विषारी वायू असतो, आणि तो लाकडात मुरावा लागतो. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या वस्तूंपर्यंत तो नीट पोचत नाही. जाड पॉलिशही आड येतं. मिथाइल ब्रोमाइड फोम, रबर, लोकर, चामडं यांना लागला तर घाण वास धरतो, म्हणून गाद्या-उशा आधी काढून ठेवाव्या लागतात. हा वायू ओझोनच्या थरालाही घातक आहे. मॉन्ट्रियल करारानं तो इतर बहुतेक कामांतून बाद केला, क्वारंटाइनसाठी, म्हणजे परदेशी कीड रोखण्यासाठी, मात्र सूट ठेवली. उष्णतेनं जुन्या सरसाचे सांधे सुटू शकतात, वरचा पातळ थर उचलला जातो. वस्तू कुठली आणि कुठला उपचार तिला झेपेल, हे घरी बसून ठरवायचं असतं. बंदरात पोचल्यावर मोजकेच पर्याय उरतात: तुमच्या खर्चानं उपचार, माल परत, नाहीतर नष्ट.

शिसवी सामान असेल तर आणखी एक कागद तपासा. शिसवाचा जवळपास सगळा वंश २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे वजन आणि देश पाहून परवाना लागू शकतो.

फॉर्मवर खरं लिहा, एवढंच कळकळीनं सांगते. "काही लाकडी नाही" असं लिहायचा सल्ला मला दोघांनी दिला, चांगल्या मनानंच दिला. मी प्रत्येक वस्तू लिहिली, वेताची टोपलीसुद्धा. तपासणाऱ्या बाईंनी यादी वाचली, पेटी उघडायला लावली, कपाटाचा एक खण बाहेर काढून उलटा धरला, उपचाराच्या दाखल्यावरची तारीख पाहिली आणि सही केली.

कंपन्यांनी मोजमापाच्या पहिल्या भेटीतच हे सगळं विचारायला हवं. बॅटरी घेऊन खाली वाकून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ते विचारणार नसतील तर तुम्ही विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

आमची वेताची खुर्ची मात्र आली नाही. तिच्या पायांच्या लाकडावर जागोजागी साल राहिली होती, आणि सालीसकट लाकूड चालत नव्हतं. तासून काढली असती तर खुर्ची उरलीच नसती. ती बहिणीकडे आहे. कपाट आलंय. त्याच्या मागच्या पायाखाली मी काळा कागद ठेवलाय आणि अजून रोज वाकून पाहते.