७ जानेवारीचा ख्रिसमस
रशियात ख्रिसमस ७ जानेवारीला असतो, त्याबद्दल एका लेखात म्हटलंय की रशियन ऑर्थोडॉक्स चर्च येशूची जन्मतारीखच वेगळी मानतं, तसं नाहीये हो. तारीख तीच, २५ डिसेंबर, फक्त ते लोक अजून जुन्या ज्युलियन कॅलेंडरने चालतात आणि ते आता १३ दिवस मागे पडलंय म्हणून आपल्याला ७ जानेवारी दिसते. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी त्यात दुरुस्ती करून आपलं आत्ताचं कॅलेंडर आणलं तेव्हा तर १० दिवस चक्क गाळले, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ (व्याज कसं मोजलं असेल देव जाणे!). ग्रीक चर्चचं आणखी भारी, ख्रिसमस २५ डिसेंबरलाच पण ईस्टर मात्र जुन्या हिशोबाने. आणि हे कॅलेंडर बदललं नाही तर २१०१ पासून रशियन ख्रिसमस ८ जानेवारीला येणार, कारण २१०० हे ज्युलियनमध्ये लीप वर्ष धरतात, आपल्यात नाही.