लेझरला रक्तात काय दिसतं आणि काय दिसत नाही

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांनी फोनवरचा एक मेसेज माझ्यापुढे धरला. त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आलाय. तीस वर्षांची तंबाखू-चुन्याची सवय. दातांच्या डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणं, सांगितली होती आणि हा मेसेज वाचून काकांनी ती पुढे ढकलली होती. "तू त्याच मशिनवर काम केलंयस ना? मग सांग, थांबू का?"

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: रक्ताच्या एका थेंबावर लेझर मारला की दोन मिनिटांत शरीरातला कुठलाही कॅन्सर कळतो. अचूकता ९९ टक्के. बायोप्सीने कॅन्सर उलट पसरतो, तेव्हा ती करू नका. आणि हा शोध सी. व्ही. रामन यांचा, म्हणजे आपला, म्हणून औषध कंपन्यांनी तो दाबून ठेवलाय.

मी सात वर्षं रामन स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे मेसेजमधल्या त्याच लेझरच्या मशिनवर, सिरमचे (रक्तातल्या पेशी आणि गुठळी काढल्यावर उरणाऱ्या द्रवाचे) नमुने मोजले. या तंत्रावर माझा जीव आहे, त्यामुळे त्याच्या नावावर कुणी उपचार लांबवायला लागलं की मला गप्प बसवत नाही. एकेक दावा घेते.

"रक्तावर लेझर मारला की कुठलाही कॅन्सर कळतो."

लेझरचा प्रकाश रेणूवर पडला की जवळजवळ सगळा त्याच रंगाचा परत येतो. साधारण कोटीत एखादा प्रकाशकण मात्र रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन येतो, आणि त्याचा रंग किंचित सरकतो. हे सरकणं रेणूतल्या प्रत्येक बंधाचं वेगळं असतं. त्याचा आलेख म्हणजे स्पेक्ट्रम, आणि आलेखातला उंचवटा म्हणजे पीक. फेनिलअलानिन हे अमिनो आम्ल असेल तर आलेखात १००३ सेंमी⁻¹ (रंग किती सरकला ते मोजायचं एकक) च्या आसपास एक बारीक, टोकदार पीक येतंच येतं. ते पाहून मशिन ठीक चाललंय की नाही हेही आम्ही ओळखायचो. इथपर्यंत मेसेजमधली गोष्ट खरी आहे.

अडचण रक्तात आहे. सिरमच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ७० मिलिग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे ७ कोटी नॅनोग्रॅम. प्रोस्टेटच्या तपासणीतला पीएसए हा मार्कर, म्हणजे आजाराची खूण देणारं प्रथिन, ज्या पातळीला डॉक्टरांना जागं करतो, ती आहे मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम. पावणेदोन कोटींत एक. पंढरपूरच्या आषाढीला जमणारी गर्दी वीसपट करा आणि त्यात एका माणसाचा आवाज ओळखायला सांगा. साध्या लेझरला तो ऐकू येत नाही. त्याला ऐकू येते ती गर्दी: अल्ब्युमिन, बाकीची प्रथिनं, चरबी, कॅरोटीन. या गर्दीचा एकूण सूर बदललाय का, एवढंच संगणक सांगतो. आणि तो सूर हिरड्या सुजल्या, यकृत बिघडलं, माणूस चार आठवडे नीट जेवला नाही, तरीही बदलतो.

कॅरोटीनचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. हिरव्या लेझरखाली सिरम ठेवलं की बाकी सगळ्यांच्या वर डोकं काढणारी दोन पीकं कॅरोटीनची असतात. कॅरोटीन शरीर स्वतः तयार करत नाही. गाजर, पालेभाज्या, पपई, आंबा यांतून ते येतं. आता तोंडाच्या कॅन्सरचा रुग्ण घ्या: तोंड उघडत नाही, तिखट लागलं की आग होते, पेजेवर दिवस काढतोय. त्याचं कॅरोटीन उतरलं, मशिनने त्याला वेगळं काढलं, आणि आपण म्हणालो, कॅन्सर सापडला! सापडली ती त्याची उपासमार असू शकते.

एकच मार्कर पकडायचा रस्ताही आहे. १९७४ साली इंग्लंडमधल्या साउदम्प्टनला खरखरीत केलेल्या चांदीवर पिरिडिन या रसायनाचा रामन सिग्नल अनपेक्षितपणे जोरदार आला, आणि त्यातून एक नवी शाखाच उभी राहिली. आज सोन्या-चांदीच्या नॅनोकणांना (अतिसूक्ष्म कणांना) अँटिबॉडी, म्हणजे एकाच ठराविक रेणूला चिकटणारं प्रथिन, जोडून हवा तो रेणू गळाला लावतात आणि मग लेझर टाकतात. पण गळ कुठल्या माशासाठी लावायचा हे आधी ठरवावं लागतं. म्हणजे "कुठलाही कॅन्सर" तिथेच संपला.

"अचूकता ९९ टक्के."

या आकड्याने मीही एकदा फसले होते. सुरुवातीच्या वर्षात आमच्या मॉडेलने, म्हणजे स्पेक्ट्रम पाहून निदान करायला शिकवलेल्या संगणकाच्या प्रोग्रॅमने, रुग्ण आणि निरोगी लोक जवळजवळ शंभर टक्के वेगळे काढले. दोन दिवस मी हवेत होते. मग एका वरिष्ठ सहकारी बाईंनी विचारलं, "सँपल कुठे ठेवले होते?" रुग्णांचं सिरम महिनोन्महिने डीप फ्रीझरमध्ये होतं. निरोगी सँपल आमच्याच सहकाऱ्यांचे, त्या सकाळी काढलेले. मॉडेल शिळं आणि ताजं ओळखायला शिकलं होतं. दोन्हींना सारखंच गोठवून पुन्हा मोजलं तेव्हा तो आकडा पार कोसळला. त्या संध्याकाळी वहीवर लिहिलेलं वाक्य अजून आहे: आधी ट्यूब बघ, मग पीक.

दुसरी चूक त्याहून सहज होते. एका माणसाचे दहा स्पेक्ट्रम घेतात. त्यातले सात शिकवायला वापरतात आणि तीन परीक्षेला. मग मॉडेल आजार ओळखतच नाही, आधी पाहिलेला माणूस ओळखतं. प्रश्नपत्रिका आधीच फुटल्यासारखं.

आणि आकडा प्रामाणिक असला तरी तो एकटा कधीच नसतो. कॅनडात व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २०१२ साली त्वचेवरच्या ५१८ डागांवर थेट रामन तपासणी केल्याचं प्रसिद्ध केलं. काम उत्तम होतं आणि मांडणी सरळ होती: खरे रोगी ९५ ते ९९ टक्के पकडायचे, तर निरुपद्रवी डागांपैकी फक्त १५ ते ५४ टक्के बरोबर "ठीक" ठरतात. ९९ हवे असतील तर त्याची किंमत निरोगी माणसं मोजतात.

ती किंमत केवढी, ते हाताने मांडून पाहू. एक लाख लोक तपासले, त्यांत १०० जणांना खरोखर कॅन्सर आहे. चाचणी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के बरोबर आहे असं धरू. ही फार चांगली चाचणी झाली. १०० पैकी ९५ सापडतील. उरलेल्या ९९,९०० निरोगी लोकांतले ४,९९५ जणही "कॅन्सर" म्हणून घरी जातील. म्हणजे रिपोर्ट हातात घेऊन रडणाऱ्या सुमारे ५४ जणांमागे एकालाच आजार. मग उरलेल्या ५३ जणांना मोकळं कोण करणार? बायोप्सीच.

"बायोप्सीने कॅन्सर पसरतो."

ही भीती फार जुनी आहे, आणि ज्याला ती वाटते त्याच्यावर हसायचं काहीच कारण नाही. काही ठिकाणी डॉक्टर स्वतःच जपून असतात: अंडकोषाच्या गाठीत बाहेरून सुई घालत नाहीत, हाडा-स्नायूंच्या कॅन्सरमध्ये (सार्कोमात) सुईची वाट शस्त्रक्रियेच्या हिशोबाने आखतात, यकृताच्या गाठीत धोका तोलून बघतात. पण तोंडातल्या चट्ट्याचा किंवा स्तनातल्या गाठीचा तुकडा घेतल्याने आजार फोफावतो, हे खरं नाही. महिने वाया घालवल्याने मात्र तो वाढतो.

"आपला शोध म्हणून दाबला."

रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी कलकत्त्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी हा परिणाम पाहिला, तेव्हा लेझर नव्हताच; पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश होता. दोन वर्षांत, १९३० साली, नोबेल मिळालं. पहिला लेझर चालला १९६० मध्ये. दाबलेल्या शोधाला जगभरच्या प्रयोगशाळांत एवढी जागा मिळत नाही. औषधांच्या कारखान्यांत हातात धरायचा रामन यंत्रसंच कच्च्या मालाची पिशवी न फोडता आत काय आहे ते सांगतो. म्हणजे ज्या कंपन्यांनी दाबला म्हणतात, त्याच तो रोज वापरतात. आपल्याकडे खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक संस्थेत तोंडाच्या कॅन्सरवर रामन तंत्राने वर्षानुवर्षं काम झालंय, थेट गालाच्या आत प्रोब लावूनसुद्धा.

आणि जिथे लेझर खरोखर दवाखान्यात पोचलाय, ती जागा बघा. २०२० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेला ताजा तुकडा रामनच्याच एका प्रगत रूपाने, रंग न देता, पाहिला. २७८ रुग्ण. संगणकाचं निदान ९४.६ टक्के बरोबर, नेहमीच्या पद्धतीने पॅथॉलॉजिस्टचं ९३.९, आणि वेळ अडीच मिनिटांच्या आत. सर्जन कवटी उघडून उभा असताना अडीच मिनिटं म्हणजे काय, हे ज्याने ऑपरेशन थिएटरबाहेर वाट पाहिली आहे त्याला कळेल. हे वाचलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते. पण लक्षात घ्या, तिथेही तुकडा काढलेलाच आहे. लेझरने बायोप्सी घालवली नाही. तिचं उत्तर लवकर दिलं.

रक्ताच्या चाचणीला अजून उशीर लागतोय तो एका मशिनचा स्पेक्ट्रम दुसऱ्या मशिनशी जुळत नाही म्हणून, आणि वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळं जेवणाऱ्या हजारो लोकांवर ती एकाच पद्धतीने तपासावी लागते म्हणून. कष्टाचं, कंटाळवाणं काम आहे. ते चालू आहे.

काकांना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांना केरळमधल्या त्रिवेंद्रमची गोष्ट सांगितली. तिथे १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवक घरोघर जाऊन लोकांची तोंडं उजेडात नुसत्या डोळ्यांनी तपासत होते आणि संशयित माणसाला पुढे पाठवत होते. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. "तुमच्या तोंडात तर डॉक्टरांनी आधीच पाहिलंय, काका. अर्धं काम झालंय."

त्याच गुरुवारी मी त्यांच्याबरोबर गेले. दहा मिनिटं, दोन टाके. सहाव्या दिवशी रिपोर्ट आला: मध्यम डिस्प्लेशिया. पेशींचा बिघाड गालाच्या आतल्या अस्तराच्या मधल्या थरापर्यंत चढलाय, खालचा पडदा शाबूत आहे, म्हणजे कॅन्सर अजून झालेला नाही. बिघाड कुठल्या थरापर्यंत पोचलाय आणि पडदा फुटलाय की नाही, हे रक्ताचा कुठलाच थेंब सांगू शकला नसता. चट्टा पुढच्या आठवड्यात काढायचाय. तंबाखूची डबी काकूंनी माझ्याकडे दिली आहे.