मालकाला नॉमिनी कोण?

मार्चअखेरीच्या धामधुमीत विक्रीचा रात्रीचा अहवाल निघाला नाही आणि त्याचा जाब मला विचारण्यात आला. वास्तविक एसक्यूएल सर्व्हर या माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा आमचा विक्रीचा डेटाबेस ज्यांच्या नावावर होता, ते गृहस्थ नोकरी सोडून गेले होते आणि त्यांचे विंडोज खाते डोमेनमधून, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कच्या खातेयादीतून, रीतसर काढून टाकण्यात आले होते. डेटाबेस जो तयार करतो, तोच न विचारता त्याचा मालक ठरतो. त्यामुळे मालकाच्या नावाने चालणारी प्रत्येक प्रोसीजर (डेटाबेसमध्ये साठवलेला आज्ञांचा संच) आता १५४०४ क्रमांकाची, म्हणजे ‘या खात्याची माहिती मिळत नाही’ अशा अर्थाची, एरर देऊन थांबत होती.

नवा मालक ठरवण्यासाठी बैठक भरली. मी सुचवले की, डेटाबेससाठी एक स्वतंत्र एसक्यूएल लॉगिन, म्हणजे कोणा माणसाच्या विंडोज खात्याशी न जोडलेले सर्व्हरवरचे खाते, करावे, त्याला सर्व्हरवर कोणताही अधिकार देऊ नये, पासवर्ड कोणालाही ठाऊक नसावा आणि ते लॉगिन डिसेबल करून ठेवावे.

“म्हणजे ज्याला आत पाऊल टाकता येत नाही, त्याला मालक करायचे?” विभागप्रमुखांनी विचारले. “त्यापेक्षा माझे नाव घाला. हुद्द्यालाही शोभेल.”

“सर, आपण निवृत्त झालात की पुन्हा हाच प्रश्न येईल.”

“माझ्या निवृत्तीची तुम्हाला एवढी घाई?”

तेवढ्यात, चहाच्या बिलावर सही घ्यायला आलेल्या लेखा विभागाच्या मॅडम खुर्ची ओढून बसल्या. “नॉमिनी लावला नव्हता का?” त्यांनी विचारले. डेटाबेसला नॉमिनी नसतो, असे मी म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या घरच्यांविषयीची कणव दाटून आली. “पोस्टातल्या खात्याला असतो आणि एवढ्या महागड्या सर्व्हरला नाही?” मग त्यांनी आपल्या सासऱ्यांच्या मुदत ठेवीची हकिगत दिरांच्या वर्तनासह सविस्तर सांगितली, सरांनी ती मन लावून ऐकली आणि शेवटी दोघांनी मिळून ‘संयुक्त मालकी’चा ठराव मांडला. एका डेटाबेसचा मालक एकच लॉगिन असू शकते, हे माझे वाक्य इतिवृत्तात आले नाही.

खरा संताप पुढेच आहे. ज्या डेटाबेसवर ‘ट्रस्टवर्दी’ (या डेटाबेसवर सर्व्हरने विश्वास ठेवावा) हा पर्याय चालू आहे आणि ज्याचा मालक सिसॲडमिन, म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी, आहे, त्यातला डीबी-ओनर (त्या एका डेटाबेसपुरते सर्व अधिकार देणाऱ्या) भूमिकेचा कोणताही सभासद चार ओळींची प्रोसीजर लिहून अख्ख्या सर्व्हरचा सिसॲडमिन होऊ शकतो. हे मी फळ्यावर आकृती काढून समजावले, तेव्हा चहा आला. २००२ साली स्पायडा नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) ‘एसए’ या सर्व्हरच्या मूळ सिसॲडमिन खात्याचा रिकामा पासवर्ड हेरत सर्व्हरांमागून सर्व्हर पोखरत गेला होता; तरीही सॉफ्टवेअर पुरवणारी मंडळी आजही “आधी सिसॲडमिन द्या, मग बोला” असेच सांगतात आणि त्यांना नकार देणारा मात्र कामात खोडा घालणारा ठरतो.

अखेर माझा प्रस्ताव तत्त्वतः मंजूर झाला. तथापि मालकी बदलण्याच्या अर्जात मालकाचा कर्मचारी क्रमांक अनिवार्य असल्याने मनुष्यबळ विभागाने तो परत पाठवला असून, नव्या लॉगिनचे रुजू होण्याचे पत्रही मागवले आहे. तोपर्यंत डेटाबेस ‘एसए’च्या नावावर आहे आणि पुरवठादाराच्या आग्रहाखातर ‘ट्रस्टवर्दी’ चालूच आहे.