‘व्हिडिओ पुढे पाठवा, गुन्हेगार सापडेल’ या संदेशाला उत्तर

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने गेल्या रविवारी मला एक संदेश दाखवला. तो तिच्या बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता आणि तिने तो गुरुवारीच आणखी तीन ग्रुपवर, अगदी चंदगडच्या मावशीपर्यंत, पोहोचवला होता. संदेशात चार गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे तेरा वर्षांनंतर मुलांना समाजमाध्यमे सुरक्षित असतात. मुलांवरील अत्याचाराचा व्हिडिओ आला तर तो न पुसता जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवावा, म्हणजे गुन्हेगार सापडतो. कंपन्यांचे नियम नुसते दाखवण्यापुरते असतात. आणि आपल्या भागात मराठी माणसाची तक्रार कोणी घेत नाही, उलट तक्रार करणाराच अडकतो. “ताई, यात चुकीचे काय आहे?” असे तिने विचारले, म्हणून हे लिहीत आहे.

आधी दुसरा मुद्दा घेते, कारण त्यापायी एखाद्या लेकराचे आयुष्यभराचे नुकसान होऊ शकते. मुलांच्या लैंगिक अत्याचाराची चित्रफीत प्रसारित करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ बी खाली गुन्हा असून पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १५ मध्ये अशी चित्रफीत पसरवण्यासाठी बाळगणेही गुन्हा ठरवले आहे. सूट आहे ती तक्रार करण्यासाठी किंवा न्यायालयात पुरावा म्हणून देण्यासाठी, आणि बचत गटाचा ग्रुप यांपैकी कशातच बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश रद्द करून हेच कलम सविस्तर उलगडून सांगितले. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दही वापरू नये, कारण ती बाल लैंगिक शोषणाची आणि अत्याचाराची सामग्री असते, असेही न्यायालयाने म्हटले. ज्यांना “पण आमचा हेतू चांगला होता” असे म्हणायचे आहे, त्यांनी तो निकाल एकदा वाचावा.

हेतू चांगला असला तरी चित्रफितीतल्या मुलीला त्याचा काय उपयोग? ती शेजारच्याच गावातली असेल, रोज त्याच एसटीने शाळेला जात असेल, आणि बसमधल्या दहा जणांनी तिचा चेहरा मोबाईलवर पाहिलेला असेल, तर तिने कुठे बघायचे? म्हणूनच मोठी समाजमाध्यमे या बाबतीत पाठवणाऱ्याचा हेतू विचारात घेत नाहीत. निषेध म्हणून टाकलेली अशी चित्रफीतही काढली जाते आणि आईने कौतुकाने टाकलेला बाळाच्या आंघोळीचा उघडा फोटोसुद्धा काढला जाऊ शकतो, कारण तो पुढे कोणाच्या हाती पडेल याची खात्री नसते. लोकांना हा नियम जाचक वाटतो. मला तो योग्य वाटतो.

नियम दाखवण्यापुरते आहेत, या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. माझी भाची सातवीत आहे. तिने खाते उघडताना जन्मवर्ष २००० टाकले आणि खाते उघडले. तरीही ‘कोणी बघतच नाही’ हे खरे नाही. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये फोटोडीएनए नावाचे तंत्र आणले, ज्यात पूर्वी सापडलेल्या चित्राचा अंकी ठसा जपून ठेवला जातो आणि तेच चित्र पुन्हा कोणी चढवले की ठसा जुळून ते ओळखू येते. मात्र व्हॉट्सॲपचे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणाला वाचता येत नसल्याने ही चाळणी तिथे आतपर्यंत पोहोचत नाही, आणि त्यामुळे तिथे अडवणारा हात सदस्याचाच असतो.

खाते उघडण्यासाठीच्या तेरा वर्षांच्या अटीचा डॉक्टरांशी काही संबंध नाही. ती अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून आली, आणि तो कायदा तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करण्यापुरता आहे. आपल्याकडे पॉक्सो आणि २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, दोन्हींत अठरा वर्षांखालील व्यक्ती मूलच आहे.

राहिला भाषेचा मुद्दा. पोलीस ठाण्यात नोंद कन्नडमध्ये होते आणि सीमाभागातल्या मराठी माणसाला तिथे अवघडल्यासारखे होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण पॉक्सोच्या कलम १९ मध्ये मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यावा, असे स्पष्ट लिहिले आहे. तो हक्काने मागावा. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, हेही त्याच कलमात आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि त्याची ओळख उघड करण्यास मनाई आहे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर अशा सामग्रीची तक्रार नाव न देताही करता येते, आणि मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

बहिणीला तो संदेश सर्वांसाठी पुसता आला नाही, कारण मुदत उलटून गेली होती. तिने तिन्ही ग्रुपवर त्याच संदेशाखाली “हे चुकीचे आहे, असा व्हिडिओ कोणालाही पाठवू नका, १०९८ ला फोन करा” असे लिहिले. बचत गटातल्या दोघींनी लगेच विचारले की फोनवर मराठीत बोलले तर चालेल का. मावशीने मात्र तो संदेश त्याआधीच पुढे पाठवून दिला होता.